कामावर परत येताना

या संग्रहात बोलणाऱ्या स्त्रिया कुठल्या ना कुठल्या कामाच्या ठिकाणी जबाबदारीच्या खुर्चीत बसलेल्या आहेत. कोणी रुग्णालयात अधिसेविका आहेत, कोणी शाळेच्या मुख्याध्यापिका, कोणी कारखान्यातल्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख, तर कोणी आशा स्वयंसेविकांच्या गटप्रवर्तक. मानसिक आरोग्यावर त्यांना एकत्र बोलतं करायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली. ताणतणावाच्या व्यवस्थापनावर कोणी व्याख्यान द्यायचं नाही. दीर्घ श्वास, ध्यान, सकारात्मक विचार यांवर दर १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, ऑफिसाऑफिसांतून पुष्कळ बोललं जातं. मला विचारायचं होतं ते साधं होतं. तुमच्या हाताखालचं माणूस मनाने आजारी पडलं, रजेवर गेलं आणि परत आलं, तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत? कोणाची पाळी बदललीत, कोणत्या कागदावर सही केलीत, वरच्यांशी कशावरून भांडलात?

हा प्रश्न माझ्या डोक्यात कसा आला ते सांगते. मी एका बँकेत बरीच वर्षं नोकरी केली. आमच्या शाखेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी होती. हिशेबाला पक्की, कॅश काउंटरवर हात चालायला लागला की रांग भराभर पुढे सरकायची. एका पावसाळ्यात ती दीड महिना रजेवर गेली. अर्जावर लिहिलं होतं ‘व्हायरल ताप’, नंतर ‘अशक्तपणा’. तिला नैराश्याचा आजार झाला होता आणि ती मानसोपचारतज्ज्ञांकडे जात होती. पण त्यांच्या लेटरहेडवरचं प्रमाणपत्र ऑफिसात द्यायची तिची हिंमत नव्हती. म्हणून तापाचं प्रमाणपत्र तिने घरच्या फॅमिली डॉक्टरांकडून लिहून आणलं. आमच्यातल्या दोघीतिघींना खरी गोष्ट ठाऊक होती. आम्ही ती गुपित म्हणून सांभाळली आणि त्यातच मैत्रीचं कर्तव्य पार पडलं असं आम्हाला वाटलं.

ती परत आली तोवर कुजबुज साहेबांपर्यंत गेलेली होती. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून अगदी आपुलकीने सांगितलं की कॅशची जोखीम आता नको, तुमच्याच भल्यासाठी तुम्हाला आवक-जावकला बसवतो. आवक-जावक म्हणजे दिवसभर आलेल्या-गेलेल्या पत्रांच्या नोंदी करायच्या. पगार तोच, टेबल मात्र कोपऱ्यातलं. ज्या कामात तिची ओळख होती ते काम काढून घेतलं गेलं, आणि तेही इतक्या प्रेमाने की तिला विरोध करता येईना. ती अजून आजारी आहे ही गोष्ट त्या टेबलाने रोज सगळ्या शाखेला सांगितली.

पुढे वर्षभराने शाखेत नव्या मॅनेजर आल्या. त्यांनी तिचा जुना कामाचा अहवाल वाचला आणि तिला विचारलं, “तुम्हाला दिवसात कोणत्या वेळेला जड जातं?” एवढाच प्रश्न. तिने सांगितलं की रात्रीच्या गोळीमुळे सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत डोळ्यांवर झापड असते, त्यानंतर काही त्रास नाही. मॅडमनी सकाळी तिला क्लिअरिंगचे चेक लावायला दिले आणि बारानंतर कॅश. कोणाला परिपत्रक काढलं नाही, सभा घेतली नाही. दोन टेबलांच्या वेळा बदलल्या, एवढंच. ती पुढे अधिकारी झाली आणि निवृत्तही झाली. त्या मॅनेजर मॅडमना मानसशास्त्र येत होतं असं मला वाटत नाही. त्यांना काम वाटून देता येत होतं, आणि समोरच्याच्या अडचणीबद्दल समोरच्यालाच विचारायची पद्धत होती.

या संग्रहाचं म्हणणं तिथून निघतं. कामाच्या ठिकाणी मानसिक आरोग्य जपणं हा बहुतांशी कामाच्या मांडणीचा प्रश्न आहे: पाळ्या, रजा, विमा, बढती, कोण कुठे बसतो, कोणाला विचारलं जातं. माणसाला सहनशील बनवण्याचे कार्यक्रम कितीही घेतले तरी मांडणी तीच राहिली तर माणूस पुन्हा तिथेच कोसळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही कामाचा बोजा, कामाचे तास, कामावरचा ताबा यांसारख्या मूळ कारणांवर संस्थेने स्वतः उपाय करावेत यावर भर आहे. नैराश्य आणि चिंताविकार यांपायी जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात असा त्या संघटनेचा अंदाज आहे. आकडा मालकांच्या कानावर घालायला उपयोगी पडतो. मला स्वतःला त्याहून आपल्याकडचा एक आकडा अधिक बोचतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं आढळलं, आणि बहुतेक विकारांत उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं. शंभर माणसांच्या ऑफिसात अशी दहा-अकरा माणसं असतात, आणि त्यांतली सात-आठ कोणालाही न सांगता रोज वेळेवर हजेरी लावतात.

ती सांगत का नाहीत, याचं उत्तर वरच्या गोष्टीत आहे. सांगितल्यावर टेबल बदलतं.

कायद्याने आता त्यांच्या बाजूने बरंच काही लिहून ठेवलेलं आहे, पण ते ऑफिसांतून फार कमी जणांनी वाचलेलं असतं, म्हणून इथे मांडते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि मानसिक आजार त्यांतला एक आहे. या कायद्याखाली प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करायचं आहे. सरकारी सेवेत असताना कोणाला दिव्यांगत्व आलं तर त्याला कामावरून काढता येत नाही की त्याचा हुद्दा उतरवता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. दुसरा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्य सेवेचा. त्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं कलम आहे. आणि २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाच्या हातून आजारामुळे जे वर्तन घडतं त्यावर शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. खातेनिहाय चौकशीच्या फायली ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना या वाक्याचं वजन कळेल. ‘उशिरा येतो’, ‘अंगावर धावून आला’, ‘न सांगता गैरहजर’ या शेऱ्यांच्या मागे कधी कधी न तपासलेला आजार असतो, आणि चौकशी अधिकारी तो प्रश्न विचारतही नाही.

हा विषय स्त्रियांच्याच तोंडून का मांडावा, असं मला एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारलं. स्त्रिया मुळातच अधिक कनवाळू असतात असं माझं म्हणणं नाही, तसं मानणं स्त्रियांवर आणखी एक काम लादण्यासारखं आहे. माझं उत्तर इतिहासातलं आहे. आपल्या देशात मनाच्या आजारातून उठलेल्या माणसाला काम, पगार आणि मान मिळाला पाहिजे हा आग्रह ज्यांनी संस्था उभारून धरला, त्यांत स्त्रियांची नावं फार ठळक आहेत, आणि त्यांची मतं एकमेकींशी जुळतातच असं नाही.

डॉ. शारदा मेनन यांचं नाव आधी घ्यायला हवं. १९२३ मध्ये मंगळूरला जन्मलेल्या या डॉक्टर भारतातल्या पहिल्या स्त्री मानसोपचारतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जातात. चेन्नईतल्या किल्पॉकच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या त्या दीर्घकाळ प्रमुख होत्या. तिथे त्यांनी बाह्यरुग्ण सेवा वाढवली आणि रुग्णांना हाताला काम मिळावं याची सोय केली. निवृत्त झाल्यावर १९८४ मध्ये त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी ‘स्कार्फ’ ही संस्था सुरू केली. उपचार, संशोधन आणि पुनर्वसन हे तिचे तीन पाय. त्याच शहरात १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुण मुलींनी रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या आजारी स्त्रियांसाठी ‘द बनियन’ उभारली.

आपल्याकडे पाहायचं तर मी डॉ. अनिता अवचट यांच्यापाशी थांबते. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या डॉक्टर होत्या. पुण्यात तेव्हा गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, व्यसन तरुण पोरांत पसरत होतं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या देणगीतून १९८६ च्या ऑगस्टात येरवड्यालाच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, आणि त्याचा कारभार अनिताताईंनी हाती घेतला. त्यांना कर्करोग होता. त्या आजारपणातही त्या काम करत राहिल्या आणि १९९७ मध्ये गेल्या. त्यांनी घालून दिलेली एक रीत मला संपूर्ण महाराष्ट्रातल्या नोकरी देणाऱ्यांना दाखवावीशी वाटते. मुक्तांगणात बऱ्या झालेल्या माणसालाच कामावर घेतलं जातं. जो काल वॉर्डमध्ये दाखल होता तो काही काळाने तिथेच समुपदेशक, कार्यकर्ता, व्यवस्थापक म्हणून दिसतो. त्याचा आजार हीच त्याची पात्रता ठरते. नव्याने दाखल झालेला पोरगा जेव्हा म्हणतो की तुम्हाला काय कळणार, तेव्हा समोरचा सांगू शकतो की मी याच खाटेवर होतो. शिवाय व्यसनी माणसाच्या बायकोचं काय होतं, हा प्रश्नही तिथे सुरुवातीपासून विचारला गेला आणि बायकांचे ‘सहचरी’ गट तयार झाले. कारखान्यांतल्या व्यसनी कामगारांबाबत मुक्तांगणाने कंपन्यांबरोबर केलेलं कामही याच समजुतीवर उभं आहे. माणूस आणि त्याची नोकरी एकत्र वाचवावी लागते.

पुण्यातलंच दुसरं नाव भार्गवी दावर यांचं. त्यांची आई मनोरुग्णालयांत राहिली होती आणि मुलीने लहानपणी ते सगळं पाहिलं होतं. पुढे तत्त्वज्ञानात संशोधन करून १९९९ मध्ये त्यांनी आईच्या नावाने ‘बापू ट्रस्ट’ स्थापन केला आणि पुण्याच्या वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचं काम उभं केलं. त्यांची भूमिका मानसोपचारतज्ज्ञांना अवघड जाणारी होती. माणसाच्या संमतीशिवाय त्याला कुठेही डांबू नये, त्याच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेऊ नये, या मुद्द्यावर त्यांनी २०१७ च्या कायद्यावरही कडक टीका केली. डॉ. मेनन यांच्या वाटेने गेलेल्यांना हे टोकाचं वाटेल. मला या वादात एका बाजूला उभं राहता येत नाही. वेळेवर मिळालेल्या औषधाने सावरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि घरच्यांनी फसवून रुग्णालयात नेल्यावर आयुष्यभर कोणावर विश्वास न ठेवणारीही पाहिली आहेत. पण कामाच्या ठिकाणापुरतं बोलायचं तर दावर यांचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा ते माणूस त्या खोलीत हजर असलं पाहिजे. आमच्या शाखेत साहेबांनी ठरवलं होतं, मॅडमनी विचारलं होतं. फरक तिथेच पडला.

आणखी एक नाव घेते, जरा वेगळ्या क्षेत्रातलं. सुमित्रा भावे समाजकार्यातून चित्रपटांकडे आल्या, आणि सुनील सुकथनकरांबरोबर त्यांनी ‘देवराई’मध्ये स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश आणि ‘कासव’मध्ये नैराश्य पडद्यावर आणलं. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मराठी घरांतून या आजारांची नावं उच्चारली जाऊ लागली त्यात या चित्रपटांचा वाटा मोठा आहे असं मला मनापासून वाटतं.

स्त्रियांच्या तोंडून हा विषय मांडण्याचं दुसरं कारण रोजच्या दिवसाचं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटं. म्हणजे पाच तास घरात घालवून बाई ऑफिसला येते किंवा ऑफिसहून जाऊन ते पाच तास भरते. नैराश्य पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतं, ही जागतिक आरोग्य संघटनेची नोंद वाचताना हे पाच तास डोळ्यांसमोर ठेवायला हवेत. बाळंतपणाची रजा २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण बाळंतपणानंतरचं नैराश्य अंगावर घेऊन रजेवरून परतलेल्या मुलीला पहिल्याच महिन्यात ‘आता मन कामात लागत नाही वाटतं’ हा शेरा ऐकावा लागतो, आणि कित्येक आस्थापनांत पाळणाघर फक्त कागदावर असतं. या संग्रहातल्या अधिसेविकांनी रात्रपाळीबद्दल जे सांगितलं आहे ते सावकाश वाचा. सलग रात्रपाळ्या, मग एक दिवस सुट्टी, मग सकाळची पाळी, आणि घरी पोरांची परीक्षा. त्या वेळापत्रकातच आजाराचं बी पडलेलं असतं.

मोठ्या खुर्चीतल्या बाईची अवस्था याहून निराळी नसते. तिच्यावर एक जास्तीचा पहारा असतो. पुरुष अधिकारी चिडला तर तो कडक म्हणवतो. बाई चिडली तर घरी काहीतरी बिनसलं असेल असं बोललं जातं. त्यामुळे आपलं मन थकलंय हे ती शेवटपर्यंत कबूल करत नाही, आणि स्वतः कबूल न करणारा वरिष्ठ हाताखालच्यांच्या कबुलीला जागा देऊ शकत नाही. म्हणून २०१५ मध्ये दीपिका पदुकोणने कारकीर्द ऐन भरात असताना आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलणं महत्त्वाचं होतं. इथे बोललेल्यांपैकी दोघींनी आपल्या उपचारांबद्दल आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतःहून सांगितलं होतं. त्यानंतर त्यांच्या ऑफिसातल्या रजेच्या अर्जांवरची कारणं बदलली, असं दोघी वेगवेगळ्या शहरांतून सांगतात.

आता राहिला तो भाग, ज्यासाठी मी हा संग्रह ऑफिसांपुरता ठेवायला नकार दिला. कामाचं ठिकाण म्हटलं की आपल्याला काचेची इमारत दिसते. महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशांचं कामाचं ठिकाण म्हणजे गावचे रस्ते. करोनात त्या घरोघर फिरल्या, लोकांनी तोंडावर दारं लावली, मृत्यू पाहिले. तरी त्या कर्मचारी मानल्या जात नाहीत. मोबदल्याचा काही भाग केलेल्या कामावर मोजला जातो, त्यामुळे मन बरं नाही म्हणून घरी बसणं परवडत नाही. एका गटप्रवर्तक ताईंनी मला विचारलं होतं की आम्ही गावातल्या बाळंतिणीच्या मनाची चौकशी करायची, आमच्या मनाची चौकशी कोण करणार? त्यांची मुलाखत पहिली छापली आहे ती यासाठी.

आणि ऊसतोडीचा फड. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीच्या त्रासाने खाडा होऊ नये म्हणून बीड जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशयं काढून टाकली हे २०१९ मध्ये उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणीत तेरा हजारांहून अधिक बायकांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. तिशीत गर्भाशय गमावलेल्या बाईच्या मनाचं पुढे काय झालं याची पाहणी कोणी केलेली माझ्या वाचनात नाही. कामाच्या मांडणीने माणसाचं शरीर कापायला लावलं, तिथे मनाचा विचार कोण करणार, असं म्हणून मला हा विषय सोडता आला नाही. समावेशाची चर्चा जर फडापर्यंत पोहोचत नसेल तर ती अपुरी आहे, आणि या संग्रहातही ती अपुरीच आहे. फडावरच्या स्त्रियांचं म्हणणं स्वतंत्र पुस्तकात यायला हवं. कोणी ते काम हाती घेत असेल तर माझ्याकडच्या नोंदी मी आनंदाने देईन.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या हाताखाली चार माणसं असोत की चारशे, हा संग्रह वाचून झाल्यावर तीन कागद काढून पाहा: तुमच्या संस्थेची गटविम्याची पॉलिसी, समान संधी धोरण आणि रजेचे नियम. पॉलिसीत मानसिक आजार वगळलेला असेल तर विमा कंपनीला २०१७ च्या कायद्याचं कलम २१ दाखवून पत्र लिहा. धोरण नसेल तर ते करायला लावा. दीर्घ रजेवरून कोणी परत येणार असेल तर त्याचं टेबल हलवण्याआधी त्याला विचारा. आणि सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जो चोवीस तास चालतो आणि ज्यावर मराठीत बोलता येतं, तो उद्याच नोटीसबोर्डावर लावा.